पोटातलं झाकण

२० ऑगस्ट २०२३
(गावाचं नाव लिहाले मनाई आहे)

मामाजी,
जय भीम.

मी इथी परक्या देशात खुशाल पोहोचलो. माय आणि घरवाली रोशनीसंग फोनवर बोललो, पण फोन फाटकावरच जमा करून घेतात. रविवारी पाच मिनिटं देतात आणि बाजूले एक माणूस उभा ठेवतात. म्हून हे पत्र. आपल्या टोळीतले दोघं परत जाऊन राह्यले, त्यायच्या हाती देतो. आमाले इथी पाठवणाऱ्या नागपूरच्या ऑफिसातला अतुल तुमच्याकडे टपालानं पाठवीन. उत्तर त्याच्याकडेच द्या. नवीन माणसं येतात, त्यायच्या हाती मले भेटते.

काम ट्रॅक्टरच्या कारखान्यात आहे. जंगलातून लाकूड ओढाचे पट्ट्यावर चालणारे जुने ट्रॅक्टर येतात. वरतं मोठं गोल भोक असते, माणूस आडवा झोपला तरी मावते. ते आम्ही जाड प्लेट टाकून बुजवतो, तिच्यात दोन झाकणं ठेवतो आणि आत दोन्हीकडून बाक लावतो. आठ-दहा माणसं बसतात. लाकूडतोडे बसतात म्हणे.

एक अडचण आहे. वेल्ड चांगली बसते, पण दुसऱ्या दिवशी वेल्डच्या बाजूले प्लेटच तडकते. केसाएवढी चीर. आयटीआयमधी असं पोलाद मी कधी पाह्यलं नाई. काय करू ते लिहा.

संगं चंदन मंडल आहे, आपल्या मुलचेऱ्याजवळच्या बंगाली गावातला. त्याले इथली भाषा थोडी येते, तोच सगळ्यायचा दुभाषी. त्याच्यामुळं करमते. नाई तं मन लागत नाई, मामाजी. डिसेंबरात करार संपते. वाढवा म्हणून आतापासूनच मांगं लागले आहे. भद्रावतीच्या दुकानात तुम्हीच मले वेल्डिंगचा होल्डर धराले शिकवलं, तुम्हीच म्हटलं, जा, जग पाहून ये. आता येऊ का राहू, तेबी तुम्हीच सांगा.

तुमचा भाचा
राजदीप


भद्रावती
८ ऑक्टोबर २०२३

राजदीप,
जय भीम. तुझं पत्र सव्वा महिन्यानं मिळालं.

आधी प्लेटचं. ते पोलाद कडक असते, थंड राहिलं की वेल्डचा ताण सोसत नाही. सुरू करायच्या आधी गॅसच्या टॉर्चनं प्लेट चांगली तापव, हात टेकवता आला नाही पाहिजे. रॉड भट्टीत सुकवून घे, ओले रॉड वापरू नको. काम झाल्यावर लगेच उघडं सोडू नको, वरून राख किंवा कोरडी रेती टाक, हळूहळू थंड होऊ दे. चीर येणार नाही.

आता दुसरं. लाकूड ओढणाऱ्या ट्रॅक्टरले वरतं एवढं गोल भोक नसते. तुले कोणी खोटं सांगितलं, का तू मले खोटं लिहिलं, ते मी विचारत नाही. तो रणगाडा आहे. वरचं तोफेचं फिरतं डोकं काढलं की तेवढंच गोल भोक राहते. आणि आत बसतात ते लाकूडतोडे नाहीत, शिपाई आहेत.

मले कसं माहीत, तर मी हेच काम केलं आहे. एकाहत्तरच्या लढाईत मी वीस वर्षांचा होतो, फौजेच्या एका वर्कशॉपात वेल्डर. जुन्या रणगाड्यांच्या तोफा चालत नव्हत्या, पण इंजिनं चांगली होती. आम्ही क्रेननं वरची डोकी उतरवली, भोकं प्लेटीनं बुजवून दोन-दोन झाकणं ठेवली आणि आत बाक लावले. नऊ दिवसांत अकरा गाड्या तयार केल्या. दुकानात भिंतीवर जो शाबासकीचा कागद आहे, तो त्याचाच. साहेबानं माझ्या वेल्डवर हात फिरवून पाहिला होता.

उघड्या ट्रकात बसलेला शिपाई गोळी खातो. जाड पोलादाआड बसलेला घरी येतो. तू कोणाच्या बाजूनं काम करून राहिला, हे आपण ठरवलेलं नाही, पण माणसं वाचवायचं काम आहे, एवढं ध्यानात ठेव. आमच्या गाड्यांनी माणसं घरी आणली.

म्हणून अर्ध्यात सोडून येऊ नको. करार वाढव. सांगितलं तेवढं काम चोख कर, वरच्या माणसांशी वाद घालू नको. तुझ्या मायले मी समजावतो.

मामा
वामनराव


१४ जानेवारी २०२४

मामाजी,
जय भीम.

तुमचं पत्र डिसेंबराच्या दुसऱ्या हप्त्यात भेटलं. मी तुमच्याशी खोटं बोललो, माफ करा. पह्यल्या दिवशीच समजलं होतं. पण घरी कळलं असतं तं रोशनीनं जेवणखाण सोडलं असतं. तिले अजून सांगू नका.

तुमचं पत्र वाचून मले लय बरं वाटलं. चंदनलेबी वाचून दाखवलं. माह्या मामानं हेच काम केलं, आपल्या देशासाठी केलं, आणि त्याचा कागद भिंतीवर लावला आहे, असं त्याले सांगितलं. मी एक वर्ष करार वाढवला. चंदनबी राह्यला.

प्लेट तापवाची तुमची तरकीब चालली. इथी बाहेर थंडी अशी आहे का लोखंडाले उघडा हात लावला तं कातडी चिकटते, तरी एक चीर नाई. आता माह्याकडं खालचं काम दिलं. या गाडीले मांगून दार करता येत नाई, मांगं इंजिन आहे. माणसं वरच्या झाकणातूनच चढते-उतरते. पण पोटात, बाकाच्या मंधात जमिनीले एक लहान झाकण असते, जुन्या काळचं. गाडी अडकली का त्याच्यातून सरपटत खालून निघाचं. आता सुरुंगाच्या भीतीनं खालून अख्खी जाड प्लेट लावतो, तं ते झाकण कायमचं बंद होते.

मी फोरमनले चंदनकडून विचारलं, वरतं काही पडलं, वरची झाकणं उघडली नाई, तं मंग माणसानं निघाचं कुठून? तो म्हणे, सुरुंग खालून फुटते, वरून नाई. आता सुरुंग काय करते, ते गडचिरोलीच्या माणसाले कोणी शिकवाची गरज नाई. मी प्लेट लावाले घेतली. तुम्हीबी लिहिलंच होतं, वाद घालू नको म्हणून.

काल एक डायवर गाडी न्याले आला होता. माह्याच वयाचा असन. आत उतरून बसून पाह्यलं, बाक हलवून पाह्यला, मंग खाली जमिनीवर जिथी झाकण होतं तिथी पायानं ठोकलं. माह्याकडं पाह्यलं. मी अंगठा दाखवला, पक्कं आहे म्हणून. एक ठिपका रिकामा सोडत नाई, मामाजी, तुम्ही शिकवल्यासारखी वेल्ड आहे.

तुमच्या गाड्यायले पोटातलं झाकण होतं का? तुम्ही त्याचं काय केलं होतं?

राजदीप


भद्रावती
२५ फेब्रुवारी २०२४

राजदीप,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. तीनदा लिहायले बसलो. आता जे लिहितो ते तुझ्या मामीलेही ती जाईपर्यंत सांगितलं नव्हतं.

होतं. आमच्या गाड्यांनाही पोटात झाकण होतं.

बाक कसे बसवायचे त्याचा नकाशा आम्हाले दिला होता. त्यात बाकाचा मधला पाय झाकणापासून चार बोटं दूर दाखवला होता. पण तिथे जमिनीवर एक उंचवटा होता, त्यावर पाय नीट बसेना. लोखंडी पट्टीचा एक लहान कोन कापून, घासून लावावा लागला असता. एक तासाचं काम. सातव्या गाडीपर्यंत मी ते केलं. आठव्या गाडीले मी तो पाय सरळ झाकणाच्या कडेवर ठेवला आणि वेल्ड मारली. कोणी सांगितलं नव्हतं. नकाशा बरोबर होता, हवालदार चांगला होता, घाई सगळ्यांनाच होती. पण पाय मी सरकवला. अकराही गाड्या झाल्यावर तपासायले आलेल्या साहेबानं तो बाक हलवून पाहिला, हलला नाही. शाबासकीचा कागद त्याच दिवशी मिळाला.

पाच दिवसांनी ती गाडी एका बांधावरून घसरली आणि पाण्यानं भरलेल्या खोल शेतात उलटी पडली. वरची दोन्ही झाकणं चिखलात गेली. पोट वर आलं. तू समजदार आहे, पुढचं तुले कळलं असेल. पोटातलं झाकण आता त्यांच्या डोक्यावर होतं आणि आतून उघडायचं होतं. आत नऊ माणसं होती.

आमची टोळी गाडी काढायले गेली. मी टोळीत होतो. गॅस कटरनं वरून पोट कापलं ते मीच कापलं. बाक वाकला होता, राजदीप. जाड नळीचा बाक, त्यांनी सगळ्यांनी मिळून ओढून धनुष्यासारखा वाकवला होता. माझी वेल्ड तुटली नव्हती.

हवालदारानं पाहिलं. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. कागदावर अपघात लिहिलं गेलं, आणि तो अपघातच होता. मले कोणी कधी एक प्रश्न विचारला नाही.

नऊ जणांतला एक आपल्याकडचा होता, सोमाजी पुंगाटी, मुलचेऱ्याच्या पुढं जंगलातल्या लहानशा वस्तीचा, टोल्यावरचा. माझ्याशी गोंडीमिश्रित मराठीत बोलायचा, मोहाच्या दिवसांत गावची आठवण काढायचा. सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको धुरपता, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. तिनं विचारलं, "कसा गेला?" मी म्हटलं, "गोळी लागली, तिथल्या तिथं गेला, त्याले समजलंही नाही." नंतर मी त्या वाटेनं कधी गेलो नाही. गिरजाचं, तुझ्या मायचं, लग्न मुलचेऱ्यात झालं तरी मी कामाचं निमित्त सांगून एका दिवसात परत फिरत आलो. तुझ्या मायले वाटते, भावाले बहिणीची ओढ नाही.

मी तुले लिहिलं होतं, आमच्या गाड्यांनी माणसं घरी आणली. दहा गाड्यांनी आणली. त्या आठव्या गाडीचं मी लिहिलं नाही. कागद भिंतीवर होता आणि भाचा अभिमानानं विचारत होता. मले तो अभिमान पाहिजे होता. त्या एका खोट्यासाठी तू करार वाढवला. डिसेंबरात तू घरी आला असता.

आता मिळेल त्या माणसासोबत परत ये. काय कारण सांगायचं ते सांग, माय आजारी आहे सांग. आणि जितके दिवस तिथे आहे, त्या झाकणावर पक्की वेल्ड मारू नको.

मामा


३० जून २०२४

मामाजी,

तुमचं फेब्रुवारीचं पत्र मले २८ एप्रिलले भेटलं. माणसं येणं बंद झालं होतं. तोवर एकसष्ट गाड्या माह्या हातून गेल्या. एकसष्टबी पक्क्या.

पत्र वाचलं आणि मले तो डायवर आठवला. अंगठा दाखवला होता मी त्याले.

दुसऱ्या दिवशी मी फोरमनकडं गेलो. चंदनले म्हटलं, नीट सांग याले. प्लेट असू दे, पण झाकणाएवढा तुकडा वेगळा ठेवू, आतून लाथ मारली तं निघाला पाह्यजे. फोरमन वाईट माणूस नाई. त्यानं ऐकून घेतलं, कागदावर चित्र काढून पाह्यलं. मंग म्हणे, तेवढ्याच जागेतून सुरुंगाची आग आत येईन. दहा गाड्या सुरुंगावर जातात तं एक उलटते. तू कोणती माणसं वाचवतो ते सांग. मामाजी, त्याचं उत्तर तुमच्याकडं आहे का?

तरी मी केलं. खालच्या प्लेटीले चारी बाजूनं वेल्ड माराची, ती दिसाले अख्खी मारली, पण झाकणाखाली तुकडा कापून नुसत्या ठिपक्यायनं धरला आणि वरतं रंग मारला. जन्मात पह्यल्यांदा मुद्दाम कच्ची वेल्ड मारली. हात ऐकत नव्हता. आत बाकाखाली झाकणाभोवती खडूनं गोल काढत गेलो, कोणाले समजलं तं समजलं. अशा एकोणीस गाड्या केल्या.

विसावीले तपासणारानं हातोडा मारला आणि तुकडा खाली पडला. मले फाटकाजवळच्या खोलीत बंद केलं. म्हणे, तू शत्रूचा माणूस आहे. चंदनले दुभाषी म्हून समोर उभं केलं. त्यानं तुमचं पत्र त्यायले वाचून दाखवलं, अख्खं, त्यायच्या भाषेत. त्या नऊ माणसायचंबी. मले ते आवडलं नाई, पण त्यानंच मी वाचलो. फोरमननं लिहून दिलं का हा माणूस डोक्यानं बिघडला आहे, कामाचा नाई. अठ्ठावीस दिवसांनी सोडलं.

आवारात सात गाड्या उभ्या होत्या, त्या पुन्हा पक्क्या केल्या. बारा निघून गेल्या होत्या. त्या बारा गाड्यायमधी काय झालं, कोणी लाथ मारून निघालं का खालून आग आत आली, मले कधी समजणार नाई.

मले पुढच्या टोळीसंग परत पाठवून राह्यले. चंदनले सोडत नाई, भाषा येते म्हून. तो माह्यामुळं राह्यला होता, आणि मी तुमच्या पत्रामुळं. त्याच्या घरी काय सांगू?

तुम्ही धुरपताबाईकडं जा. तिले खरं सांगा. तुम्ही मले खरं वेळेवर सांगितलं नाई, तिले तरी सांगा.

राजदीप


भद्रावती
१७ नोव्हेंबर २०२४

राजदीप,
जय भीम.

तू जुलैत आला, हे मले गिरजाच्या फोनवरून कळलं. तू फोनवर येत नाही. होल्डरले हात लावत नाही, सकाळपासून धानाच्या बांधीत असतो, असंही ती म्हणाली. चंदनच्या बापाकडे दर रविवारी जातो आणि चंदन अजून आला नाही एवढंच सांगून परत येतो, तेही सांगितलं. मी तुले बोलायचा आग्रह करत नाही. पण एक गोष्ट तुले सांगायची आहे, ती लिहितो.

मागच्या आठवड्यात मी धुरपताबाईकडे गेलो. तू सांगितलं म्हणून गेलो असं म्हणणार नाही. जायचं होतं ते मलेच.

चंद्रपूरहून आष्टी, आष्टीहून मुलचेरा, पुढं एका मोटारसायकलवाल्यानं टोल्यापर्यंत सोडलं. घर तेच, कौलं नवी. ती अंगणात सुपानं धान पाखडत होती. केस पूर्ण पांढरे. मले ओळखलं नाही. मी म्हटलं, "मी वामन, सोमाजीसोबत फौजेत होतो." तिनं सूप बाजूले ठेवलं, बाज टाकली, पाणी दिलं. म्हणाली, "तुम्हीच आल्ते ना तेव्हा? तुम्हीच सांगितलं होतं."

मी सांगितलं. सगळं, जसं तुले लिहिलं तसं. बाकाचा पाय, एक तास, पाणी, वाकलेला बाक. कोंबड्या धानात शिरल्या तरी तिनं हाकलल्या नाहीत.

सांगून झालं. तिनं विचारलं, "किती वेळ लागला असन त्याले?"

मी म्हटलं, "माहीत नाही, बाई."

"तुमी तं म्हटलं होतं, समजलंबी नाई त्याले."

"खोटं सांगितलं होतं."

ती म्हणाली, "त्या खोट्यावर मी जगली, भाऊ. पोरगी झाली नाई, पोरगं झालं नाई, दिरानं घरात ठेवून घेतलं. पण लोक विचारत तं मी सांगत होती, माह्या माणसाले तरास नाई झाला. पाण्यात पोट्टे पोहाले जात तं मले काही वाटत नव्हतं. आता मी डोळे मिटीन तं तो मले पाण्यातच दिसन. हे तुमी माह्यासाठी सांगाले आले का तुमच्यासाठी?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी."

ती म्हणाली, "मंग झालं ना तुमचं."

मी पाया पडायले वाकलो तर तिनं पाय मागे घेतले. रागानं नाही, लहान लेकरू घाण हात लावायले आलं की आपण सरकतो तसं. उठून तिनं कोंबड्या हाकलल्या, सूप घेतलं आणि पुन्हा पाखडायले बसली. मी फाटकाशी पोहोचलो तेव्हा तिनं मागून विचारलं, "एकटा होता का?" मी म्हटलं, "नाही बाई. सगळ्यांनी एकच बाक धरला होता." सुपाचा आवाज थांबला.

मी त्रेपन्न वर्षं असं मानत आलो की गप्प बसलो ते तिच्यासाठी. ते खोटं होतं. आणि बोललो तर तिच्यापाशी होतं नव्हतं तेवढं समाधानही घेऊन आलो. तुझ्या फोरमनच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे का, असं तू विचारलं होतं. नाही, बाबू. मले एवढंच माहीत आहे की तुझ्यावेळी खरं सांगायची वेळ गेल्या वर्षी ऑक्टोबरात होती, आणि तिच्यावेळी बाहत्तर साली. मी दोन्ही वेळा चुकवल्या.

परतताना बस मुलचेऱ्यात दहा मिनिटं थांबली. थांब्यावरून तुझं घर दिसते. तू बैलबंडीतून धानाचे भारे उतरवत होता आणि रोशनी ते रचत होती. वाळला आहे तू. मी खिडकीशी बसून पाहत राहिलो. पिशवी हातात घेतली होती, उतरलो असतो. पण त्या दिवशी सकाळीच मी न विचारता एका बाईच्या अंगणात गेलो होतो. बस सुटली.

तुले मले काही विचारायचं असेल, शिव्या द्यायच्या असतील, किंवा नुसतं समोर बसायचं असेल, तर गिरजाच्या हाती निरोप दे. मी येईन. नाही दिला तरी मी समजून घेईन.

मामा
वामनराव